एकच रस्ता, तीन वेग: पादचारी, सायकलस्वार आणि वाहनचालक यांच्यासाठीचे नियम असे का आहेत

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसांचा मृत्यू झाल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात आहे. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते, ३२,८२५ जण पायी चालत होते आणि ४,८३६ जण सायकलवर होते. या तीन आकड्यांची बेरीज केली, तर दर तीन मृतांपैकी दोघांच्या अंगाभोवती पत्र्याचे साधे आवरणही नव्हते हे लक्षात येते. असे असूनही वाहतुकीच्या नियमांबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने बोलले जाते. पादचारी मध्येच येतात, सायकलवाले बाजूला होत नाहीत, गर्दीमुळे गाडी पुढे नेता येत नाही, अशा तक्रारी रोज ऐकू येतात. नियम मुळात कशासाठी आहेत, कायद्याने कोणावर कोणती जबाबदारी टाकली आहे आणि आपल्या शहरांत ती पार पाडणे कुठे अवघड होते, हे क्रमाने पाहिल्यास या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे स्वरूप बदलते.

रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक नियमामागे दोन विचार आहेत. पहिला विचार असा, की समोरचा माणूस पुढच्या दोन-तीन सेकंदांत काय करणार आहे याचा अंदाज प्रत्येकाला बांधता आला पाहिजे. डाव्या बाजूने चालवणे, वळण्यापूर्वी इशारा देणे, लाल दिव्याला थांबणे, या सगळ्यांतून एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांना एकमेकांच्या हालचालींची खात्री मिळते. दुसरा विचार असा, की ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याने जास्त सावध राहावे. १२ टन वजनाची बस, १,२०० किलोची मोटार, सव्वाशे किलोची दुचाकी, १५ किलोची सायकल आणि मोकळ्या हातांनी चालणारा माणूस यांना एकाच पट्ट्यावर आणल्यावर सर्वांची काळजी सारखीच असून चालत नाही. ब्रिटनने २९ जानेवारी २०२२ पासून आपल्या वाहतूक संहितेत हा क्रम स्पष्ट शब्दांत लिहिला. आपल्याकडे २०१७ साली लागू झालेल्या मोटार वाहन चालन विनियमांतही पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकलेले आहे. म्हणजेच हा विचार आपल्या कायद्याला नवा नाही. वाहन चालवण्याचे शिक्षण देताना त्यावर पुरेसा भर दिला जात नाही, एवढेच.

इथे एक नेहमीचा आक्षेप आधी पाहिला पाहिजे. "आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाले भरत नाहीत, मग रस्त्यावर पहिला हक्क आमचा," असे अनेक जण मनापासून मानतात. महाराष्ट्रात हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो आणि तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो. शहरातील गल्ल्या आणि बहुतेक रस्ते मात्र महापालिका किंवा नगरपालिका बांधते, आणि तिचे उत्पन्न मालमत्ता कर, राज्याकडून मिळणारी अनुदाने अशा अनेक मार्गांनी येते. सायकलवरून कामाला जाणारा गवंडी आणि पायी मंडईत जाणारी आजी या दोघांनीही त्या रस्त्याचे पैसे कोणत्या ना कोणत्या रूपाने भरलेले असतात. शिवाय कर भरल्याने वाहन रस्त्यावर आणण्याची परवानगी मिळते. दुसऱ्याच्या आधी पुढे जाण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

आता वेगाकडे वळू, कारण पुढचे सारे काही त्याच्यावरच उभे आहे. चालकाला रस्त्यात अडथळा दिसतो, मेंदू त्याचा अर्थ लावतो आणि पाय ब्रेकवर जातो, तोपर्यंत सावध माणसाचाही साधारण एक सेकंद गेलेला असतो. त्या सेकंदात गाडी मूळ वेगानेच धावत असते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते, आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर नीट ब्रेक लागल्यास थांबेपर्यंत तिला आणखी ५ मीटर लागतात. म्हणजे एकूण साधारण १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाने तीच मोटार ब्रेक लागण्यापूर्वीच सुमारे १४ मीटर जाते, आणि नंतर थांबायला तिला पुन्हा तितकेच अंतर लागते. म्हणजे एकूण २८ मीटर.

हे आकडे प्रत्यक्ष प्रसंगात मांडून पाहावेत. एखादे मूल चेंडूच्या मागे धावत गाडीपुढे १४ मीटरवर रस्त्यात आले. ३० च्या वेगाने येणारी गाडी त्याच्या अलीकडे थांबेल. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीचा चालक तितकाच सावध, तितकाच कुशल आणि तितकाच सज्जन असला, तरी त्याचा ब्रेक लागायला सुरुवात होईल तेव्हा गाडी मुलापर्यंत पोहोचलेली असेल, आणि धडक जवळजवळ पूर्ण ५० च्या वेगाने बसेल. "माझे गाडीवर पूर्ण नियंत्रण आहे" या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही, कारण पहिल्या सेकंदात नियंत्रण कोणाचेच नसते. मोबाइलवर दोन सेकंद नजर गेली, तर ५० च्या वेगाने गाडी आणखी २८ मीटर जणू डोळे मिटून धावते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो, तेव्हा थांबण्याचे अंतर याहूनही बरेच वाढते.

धडकेची तीव्रता वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० वरून ५० वर गेल्यावर वेग पावणेदोन पटींहून कमीच वाढतो, पण गतिज ऊर्जा पावणेतीन पट होते, आणि ती सारी समोरच्या माणसाच्या हाडांना, यकृताला आणि मेंदूला सोसावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, की धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात माणसे आणि वाहने एकत्र वावरतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ठेवावी, असे म्हटले गेले. भारतात केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीत मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० किलोमीटर आहे. राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना ती कमी करता येते, आणि तसे फलक लावले असतील तर तीच मर्यादा बंधनकारक ठरते. दुकाने, शाळा आणि बसथांबे असलेल्या रस्त्याला ७० ची मर्यादा कोणत्याच हिशेबाने बसत नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. फलक नसेल तिथेही चालकाने रस्त्यावरची माणसे पाहून वेग ठरवावा.

झेब्रा क्रॉसिंगबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. वाहन नसेल तेव्हा पादचाऱ्याने जिथून धावत पलीकडे जावे अशी जागा म्हणजे झेब्रा, असे आपण प्रत्यक्ष वागण्यातून ठरवून टाकले आहे. विनियम नेमके उलट सांगतात: सिग्नल नसलेल्या पादचारी क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्यांना, तसेच चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. पुढे वाहतूक तुंबलेली असेल आणि झेब्रा ओलांडून पलीकडे पूर्ण गाडी मावण्याइतकी जागा नसेल, तर गाडी झेब्रावर नेऊच नये. आपल्या चौकांत लाल दिवा लागलेला असताना पहिली रांग झेब्रावर, दुसरी त्याच्या मागे आणि स्टॉप लाइन कुठेतरी चाकांखाली, असे दृश्य दिसते. त्यामुळे पादचारी गाड्यांच्या पुढून, म्हणजे चौकाच्या आतल्या बाजूने वळसा घालून जातो, आणि आडव्या रस्त्याने येणाऱ्या वाहनाच्या समोर येतो.

स्टॉप लाइन झेब्राच्या काही अंतर अलीकडे का आखतात, यामागेही ठोस कारण आहे. दोन लेनच्या रस्त्यावर डावीकडची बस पादचाऱ्यासाठी थांबली, की तो चालू लागतो. पण बसच्या आडोशामुळे उजव्या लेनमधून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही, आणि त्यालाही दुचाकी दिसत नाही. बसच्या पुढच्या कोपऱ्यातून तो बाहेर येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बस झेब्राच्या दोन-तीन मीटर अलीकडे थांबली, तर दोघांनाही एकमेकांना पाहण्यासाठी थोडी फट मिळते. यावरून एक सवय प्रत्येक चालकाने लावून घ्यावी: झेब्रापाशी शेजारचे वाहन विनाकारण थांबलेले दिसले, तर त्याच्या पुढे कोणीतरी चालत आहे असे समजून आपणही थांबावे.

सिग्नलच्या बाबतीत दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पिवळा दिवा "लवकर निघा" असे सांगत नाही; सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतके जवळ आला नसाल, तर थांबा, असे तो सांगतो. दुसरी गोष्ट पादचाऱ्याच्या हिरव्या दिव्याची. धडधाकट प्रौढ माणूस रस्ता ओलांडताना सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे गृहीत धरून ही वेळ साधारणपणे ठरवली जाते. १८ मीटर रुंदीचा रस्ता त्याला १५ सेकंदांत ओलांडता येतो. गुडघे दुखणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईंचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर त्यांना २२ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. दिवा १५ सेकंदांचाच असेल, तर नियम पाळून निघालेल्या त्या बाई शेवटच्या लेनमध्ये असतानाच वाहनांना हिरवा दिवा मिळतो. मध्ये थांबण्यासाठी रुंद दुभाजक ठेवणे किंवा वेळ वाढवणे, हे दोनच प्रामाणिक उपाय आहेत. हॉर्न वाजवल्याने त्यांच्या गुडघ्यांचा वेग वाढत नाही.

सायकलस्वाराचे कायद्यातील स्थान जरा वेगळे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यात सायकल बसत नाही. म्हणून तिला परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही. विजेवर चालणारी सायकल २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल, तर तीही या बंधनांतून सुटते. त्यावरची सर्व विजेची वाहने मात्र रीतसर मोटार वाहने आहेत. मात्र यावरून सायकलस्वाराला कोणताच नियम लागू नाही, असा अर्थ कोणी काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३३ नुसार रस्त्यांवरील सर्व प्रकारच्या वाहतुकीसाठी नियम करता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर "कोणतेही वाहन" बेदरकारपणे चालवण्याचा गुन्हा आहे, आणि त्यातून सायकल वगळलेली नाही.

सायकलस्वाराने राँग साइडने जाऊ नये, हे नुसते शिस्तीसाठी सांगितलेले नसते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल ताशी ४० ने जाणाऱ्या मोटारीच्या दिशेनेच जात असेल, तर दोघांमधील अंतर ताशी २५ च्या वेगाने कमी होते. ती समोरून येत असेल, तर ते ५५ च्या वेगाने कमी होते. त्याहून मोठा धोका गल्लीच्या तोंडाशी असतो. गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण त्या बाजूची वाहतूक तिकडूनच येते. डावीकडून, उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या नजरेच्या टप्प्यातच नसते. अनेक सायकलस्वार दूरचे वळण वाचवण्यासाठी "एवढ्याशाच अंतरासाठी" राँग साइड घेतात, आणि नेमक्या अशाच एवढ्याशा अंतरात दोन-तीन गल्ल्या असतात.

सायकल अगदी कडेला चिकटून चालवावी, असा समज चालकांचा आणि कित्येक सायकलस्वारांचाही आहे. कडेला गटारांच्या जाळ्या असतात, वाळू साचलेली असते, डांबराचा थर संपून खाच पडलेली असते आणि उभ्या मोटारींची दारे उघडत असतात. यांपैकी काहीही अचानक समोर आले, तर सायकलस्वार उजवीकडे झटका देतो आणि मागच्या वाहनाच्या पुढे येतो. कडेपासून साधारण एक मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवणारा सायकलस्वार मागच्या चालकाला त्रासदायक वाटतो, पण त्याच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो. ओलांडताना त्याच्या खांद्यापासून दीड मीटर जागा सोडावी, असे ब्रिटनच्या संहितेत आणि जर्मनीच्या शहरांसाठीच्या नियमांत ठरवून दिले आहे. आपल्या अरुंद रस्त्यांवर तेवढी जागा नसेल, तर तिथे सायकल ओलांडण्याचीच जागा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो; दहा-वीस सेकंद मागे राहिल्याने कोणाचीही गाडी चुकत नाही.

मोटारीच्या दाराबद्दल एक साधी युक्ती सर्वांनी उचलावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि त्याचे दार वाहतुकीच्या बाजूला उघडते. दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडले, की शरीर आपोआप उजवीकडे वळते, आणि मागून येणारी सायकल किंवा दुचाकी नजरेस पडते. डावीकडे बसलेल्या प्रवाशाने तसाच उजवा हात वापरावा, कारण आपल्याकडे डावीकडूनही दुचाक्या सुसाट येतात.

लांब वाहनांचे वळण सायकलस्वारांनी आणि पादचाऱ्यांनीही नीट समजून घ्यायला हवे. बस किंवा ट्रक डावीकडे वळतो, तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत; ती अधिक आतून, म्हणजे डाव्या कडेच्या जवळून जातात. चालक पुढचा भाग मोकळ्या जागेतून नेतो, आणि मागचे चाक नेमके त्या कोपऱ्यावर येते, जिथे सायकलस्वार सिग्नल सुटण्याची वाट पाहत उभा असतो किंवा पादचारी पदपथाच्या काठावर उभा असतो. उंच केबिनमधून बसच्या डाव्या कुशीचा बराचसा भाग चालकाला दिसतही नाही. त्यामुळे सिग्नलला उभ्या असलेल्या बसच्या डाव्या बाजूला सायकल घुसवू नये. तिच्या मागे राहावे, किंवा आरशात चालकाचा चेहरा दिसेल इतके पुढे जाऊन उभे राहावे. आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. चालकाच्या बाजूने पाहिले, तर वळण्यापूर्वी डावा आरसा बघणे आणि सरळ जाणाऱ्या सायकलीला आधी जाऊ देणे, ही त्याची जबाबदारी आहे. फ्री लेफ्टचा, म्हणजे लाल दिवा असतानाही डावीकडे वळू देणारा फलक असला, तरी त्या कोपऱ्यावरून ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा हक्क त्याने संपत नाही. फलक नसेल, तर लाल दिव्याला डावीकडे वळायचेही नसते.

सायकलस्वाराकडून आणखी फार थोडे अपेक्षित आहे: अंधार पडल्यावर पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा किंवा परावर्तक, चालू स्थितीतील घंटा आणि ब्रेक, वळण्यापूर्वी हाताने इशारा, आणि लाल दिव्याला थांबणे. रात्री दिव्याशिवाय जाणारा सायकलस्वार स्वतःचा जीव धोक्यात घालतोच, शिवाय सावध चालकालाही त्याला वाचवण्याची संधी देत नाही.

पादचाऱ्याकडे वळताना आधी हे मान्य करावे लागते, की त्याला नियम पाळायला जागाच ठेवलेली नसते. पदपथ असेल तर त्यावरून चालावे, नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे, ओलांडताना झेब्रा किंवा सिग्नल निवडावा आणि ओलांडत असताना मोबाइल खिशात ठेवावा, हे नियम योग्यच आहेत. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, बाजारपेठेत ती अधिक हवी, आणि पदपथाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. आता आपल्या घराजवळचा पदपथ डोळ्यांपुढे आणावा. त्यावर विजेची डीपी, झाडाचा पार, दुकानाच्या पायऱ्या, जाहिरातीचा फलक आणि उभ्या केलेल्या दुचाक्या यांतून किती सलग जागा उरते? पदपथ दर १० मीटरला एखाद्या इमारतीच्या फाटकासाठी खाली उतरत असेल आणि पुन्हा फूटभर वर चढत असेल, तर गुडघेदुखी असलेला माणूस खालीच, म्हणजे वाहनांमधूनच चालणे पसंत करतो. त्याला बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरीकडे, रस्ता तुंबला की दुचाकी पदपथावर चढवणे हा थेट नियमभंग आहे. पदपथावर किंवा सायकल मार्गावर वाहन चालवण्यास गणवेशातील पोलिसाने सांगितल्याशिवाय किंवा तसा फलक असल्याशिवाय विनियमांनी मनाई केली आहे, आणि तिथे वाहन उभे करणेही तितकेच बेकायदा आहे. दुचाकीस्वारांबद्दल हे लिहिताना त्यांचीही बाजू लक्षात ठेवली पाहिजे. सर्वाधिक मृत्यू त्यांचेच होतात, आणि बस-ट्रकसमोर तेही असुरक्षितच असतात. पण पदपथावर चढताच तेच तिथल्या सर्वांत दुबळ्या माणसासाठी सर्वांत जड वाहन होतात.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले, आणि ते अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे असावेत यावर भर दिला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरच्या आदेशात मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ च्या पोटकलम १अ खाली पादचारी आणि विनामोटार वाहनांसाठी नियम करण्यास राज्यांना सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. हे पोटकलम २०१९ च्या दुरुस्तीने आले. पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी सविस्तर, एकत्रित नियम करण्याचा अधिकार राज्यांना त्यातून मिळतो, आणि तो नीट वापरला गेला तर आज वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या तरतुदी एका ठिकाणी येऊ शकतात. त्याच दुरुस्तीने आलेले कलम १९८अ तितकेच महत्त्वाचे आहे: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न झाल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी अपंग झाले, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे रस्त्यावरच्या चुकीची जबाबदारी फक्त रस्त्यावरच्या माणसावर नाही, हे कायद्याने स्वीकारले आहे. दंडाची ही रक्कम मला एका जिवाच्या मानाने फारच तुटपुंजी वाटते, पण तत्त्व मोलाचे आहे.

रचनेचा परिणाम पुण्यात दोन ठिकाणी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, बसण्याची जागा केली, आणि तिथे माणसे मुकाट्याने पदपथावरून चालतात. त्यासाठी कोणी भोंगा लावून सूचना देत नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच पुण्यात अनेक सायकल मार्ग मात्र मध्येच बसथांब्याला अडतात, झाडाशी संपतात किंवा चौक आला की नाहीसे होतात. खरे तर सायकलस्वाराला संरक्षण सर्वाधिक हवे असते ते चौकातच, कारण वळणाऱ्या वाहनांशी त्याची गाठ तिथेच पडते. चौकात सुटलेला मार्ग त्याला चौकाच्या आधीच रस्त्यावर उतरायला भाग पाडतो, आणि मग सायकल मार्ग रिकामे असतात असे आपणच म्हणतो. १९७० च्या दशकापासून नेदरलँड्समध्ये जे काम झाले, त्यात सलग मार्ग आणि चौकांची रचना यांवरच सर्वांत जास्त मेहनत घेतलेली दिसते.

सारी काळजी घेऊनही अपघात झाला, तर काय करावे हेही माहीत असावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे बंधनकारक आहे; जमावाच्या रागामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल, तेवढाच अपवाद आहे. मदतीला धावणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे: सद्भावनेने मदत करताना काही इजा झाली तरी त्याच्यावर दावा किंवा खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि ११२ वर पोलीस. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला, म्हणजे पादचाऱ्यालाही, पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

धडक देणारे वाहन सापडले, तर जखमी पादचारी किंवा सायकलस्वार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतो, आणि वाहनाचा तृतीय पक्ष विमा अशा दाव्यांसाठीच सक्तीचा केलेला आहे. त्याची स्वतःची चूक काही प्रमाणात सिद्ध झाली, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. राँग साइड आणि दिव्याशिवाय चालवणे इथे महागात पडते. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी दाव्याचा मार्ग बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी पोलिसांतील नोंद आणि वैद्यकीय कागद जपून ठेवून तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. ज्या घरांतली माणसे सायकलवर किंवा पायी कामाला जातात, त्या घरांपर्यंत ही तरतूद अजून नीट पोहोचलेली नाही.